एकोणीस नावांचं तिकीट

मेतरांच्या रापणीत एकोणीस वाटेकरी आहेत. या एकोणीस जणांचं आजवर दोनच गोष्टींवर एकमत झालेलं आहे. एक, आपली मासळी पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटीवाले पळवतात. दोन, दर दिवाळीला रापणीच्या पैशातून लॉटरीचं एक तिकीट घ्यायचं. पहिल्या एकमताचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्याचाही होत नव्हता, पण त्याला खर्च दोनशे रुपयेच होता.

यंदा दुसऱ्याचा झाला. बारा लाखांचं बक्षीस लागलं.

बातमी आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि जानकी मेतर वाळूवर वाटे घालत होती. रापणीचं जाळं होडीने समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढतात. जे येईल त्याचे सारखे वाटे. दोरीला हात लागला की वाटा, हा नियम. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने फोटोपुरती दोरी धरली तरी त्याच्या हातात मूठभर पेडवे मासे पडतातच. तो ते कुठे ठेवायचे म्हणून बघत राहतो, ती गोष्ट वेगळी. जानकीचा नवरा सत्यवान रापणीत सगळ्यात जुना, जाळं कधी कुठे टाकायचं ते तो ठरवतो. वाटे घालायचे आणि वही लिहायची जानकीने. त्याबद्दल तिचा स्वतःचा एक वाटा आहे, वहीचा वाटा. शिक्षण सातवी. तिकीट त्याच वहीत होतं.

सांतान फर्नांडिस पेपर घेऊन धावत आला. तोही वाटेकरीच. लॉटरीचं खूळ मुळात त्याचंच. त्याने नंबर तीनदा वाचला, जानकीने तीनदा ताडून पाहिला आणि मग म्हणाली, "आधी वाटे उचला. उन्हात पडलेत."

बारा लाख म्हणजे काय, हे सगळ्यांना एकदमच कळलं, कारण समोर जाळं पडलं होतं. नऊ वर्षांचं जाळं. एका ठिकाणी विणायला घ्यावं तर दुसरीकडे सुटायचं. नवं घ्यायचं तर आठ लाख. बँकेने दोनदा नाही म्हटलं होतं. हा मोसम या जाळ्यावर निघणार नाही हे सत्यवान ओळखून होता, आणि जाळं गेलं की रापण गेली. तरणे पोरगे बोटीवर खलाशी म्हणून जातील, म्हातारे घरी बसतील. बारा लाखांत मात्र आठाचं जाळं येत होतं आणि वर वाट्याला वीस-एकवीस हजारही पडत होते.

हा हिशेब दोन दिवस टिकला. रविवारी दिव्या आली.

दिव्या ही जानकीच्या भावाची मुलगी. कुडाळला एका कर सल्लागाराकडे नोकरी करते. रापणीच्या मांगरात, जिथे जाळं आणि दोऱ्या ठेवतात, तिथे सगळे जमले. दिव्याने सांगितलं, तीस टक्के तिथल्या तिथे कापून घेतात, वर थोडा अधिभार आपण भरायचा. हातात सव्वाआठ लाख येतील. पावणेचार सरकारजमा.

आधी सुशीलाकाकी बोलली.

"सरकारान दोरी खंय ओढली?"

"काकी, कायदो आसा तो."

"मी कायदो विचारूक नाय. दोरी खंय ओढली ता विचारतंय."

अजय हा रापणीतला सगळ्यात धाकटा. तो म्हणाला, "बक्षीस दितलो सरकार आणि परत घेतलो पण सरकार? मगे तिकिटार सव्वाआठ लाखच लिवा म्हणा."

"तसा लिवल्यार तिकीट घेतलो कोण?" दिव्या म्हणाली.

"म्हणजे सरकारपण गळाक आमिष लावता."

"आणि तू गिळलंस," सांतान म्हणाला. "माका एक सांगा, सरकारान दोरी ओढूक नाय, बरा. आपण तरी खंय ओढली? दोनशे रुपयांचो कागद. कोणाचो पाय भिजलो? कोणाच्या खांद्यार वळ उठलो?"

"मेल्या, तू नक्की खंयच्या बाजून?"

"मी बाजून नाय. सांगतंय इतक्याच. मासळी धरली असती आणि तेच्यातले तीस टक्के मागले असते तर मी सरकाराक दर्यात घातलो असतो. पण ह्या धरलेला न्हय, गावलेला."

"आणि सरकार तेचा करता काय? जेटी बांधल्यानी, ती पण दोन वर्सात मोडली."

"मोडली म्हणजे बांधली होती."

यावर हसू झालं. जानकीने वहीतून मान वर केली. "काकी," ती म्हणाली, "भिकूकाका जावन अकरा वर्सां झाली. तेंचो वाटो मी अजून घालतंय. तेंनी अकरा वर्सां दोरी ओढूक नाय."

भिकूकाका सुशीलाकाकीचे यजमान. तो वाटा तिच्याच घरी जातो. रापणीत माणूस गेला म्हणून घराचा वाटा बंद होत नाही, आजारी पडला म्हणून होत नाही, देवाचा तर कधीच होत नाही. कोणी ठरवलं होतं कोण जाणे.

"तेंची गोष्ट येगळी," काकी शेवटी म्हणाली. "ते मेले हत."

"मगे सरकारपण मेला असा धर," अजय म्हणाला, आणि बैठक मोडली.

कोणी काही ठरवलं नव्हतं. पण सव्वाआठ लाखांत जाळं घेतलं तर वाट्याला काही उरत नाही, आणि वाटे घातले तर जाळं येत नाही, हे प्रत्येक जण घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जितेंद्र आला. पलीकडच्या वाडीतलाच मुलगा, चाळिशीला आलेला. दोन पर्ससीन बोटींचा मालक. बंदी असलेले दिवे लावून मासळी गोळा करतो असं सगळे म्हणतात आणि अंधार पडला की किनाऱ्यावरून ते दिवे मोजतातही. लहानपणी त्याने याच रापणीची दोरी ओढलेली. आला तो चपला बाहेर काढून मांगरात बसला आणि जानकीने दिलेला चहा प्याला.

"काकी, सरळ सांगतंय. तिकीट माका द्या. मी पुरे बारा लाख दितंय. रोख. उद्याच."

"आणि तू काय करतलंस?"

"मागे माझा नाव लिवन बक्षीस घेतंय. कर मी भरतंय."

"म्हणजे तुका सव्वाआठ गावतले. पावणेचार लाखांचो धंदो बुडीत."

"बुडीत न्हय. माझ्याकडे पैसे आसत, पण त्यांका कागद नाय. सव्वाआठ गावतले ते कागदासकट गावतले. नवी बोट घेवची आसा. बँक विचारता, पैसे खंयसून इले." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तुमीच सांगा, ह्याच्यात पाप कोणाक लागता? सरकाराक कर गावता, एक पैसो कमी नाय. तुमका बारा गावतत. माका कागद गावता. लुटलो कोण?"

लुटलेला माणूस शोधायला सगळे लागले आणि तो सापडेना.

"तुझ्या पैशांका कागद कित्याक नाय?" जानकीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

जितेंद्र हसला. "काकी, दर्यातसून इले ते. दर्यो पावती दिणा नाय."

तो गेल्यावर मांगरात एकाच वेळी सगळे बोलायला लागले. मुद्दा एकच होता आणि तो चांगला होता: जितेंद्रचे पैसे म्हणजे आमचीच मासळी. आमच्या जाळ्यात यायची ती त्याने बाहेरच उचलली. ती परत येते आहे तर घ्यावी. वर कर तो भरणार.

"चोराकडसून आपली वस्तू परत घेवची हेका कोण चोरी म्हणता?" सत्यवान म्हणाला. तो बैठकीत क्वचित बोलतो, त्यामुळे त्याचं बोलणं जड पडतं. "माका जाळां व्हया. बाकीचा माका कळणा नाय."

"परत घेतली तर ठीक," जानकी म्हणाली. "पण आपण परत घेनव नाय. पावती दितव. आमच्याच मासळीची आमीच पावती फाडून दितव, आणि ती दाखवन तो तिसरी बोट घेतलो. मगे तुमच्या नव्या जाळ्यात येतला काय?"

"तिसरी बोट तो घेतलोच. आमच्या पावतीबिगर पण घेतलो."

"घेवंदे."

"मगे आमी सरकाराक पावणेचार लाख कित्याक द्यायचे? जितूचे दिवे सरकाराक दिसणत नाय, आमचा तिकीट तेवढा दिसता?"

जानकीने मतं मोजायला वही उघडली.

हात वर झाले. तेरा जण विकायच्या बाजूने, त्यात सत्यवान. चार विरुद्ध, त्यात सांतान. त्याने नंतर सांगितलं की फादरना काय सांगणार या एकाच भीतीने आपण हात वर केला. सुशीलाकाकीने हात अर्धा वर केला आणि पदर सारखा केल्यासारखा खाली घेतला. वही लिहिणाऱ्याने मत द्यायचं नाही अशी पद्धत आहे, म्हणून जानकी राहिली. ठरलं, उद्या अकराला जितेंद्र येईल, जानकीने तिकीट द्यायचं आणि पैसे घ्यायचे.

सकाळी सत्यवान किनाऱ्यावर गेला. जानकीने भाकऱ्या केल्या, भांडी घासली आणि नऊच्या सुमाराला वही काढली. दिव्याने जाताना बजावलं होतं: तिकिटाच्या मागे जो नाव लिहितो त्याचं ते तिकीट, म्हणून मागे कोणी काही लिहू नका. जितेंद्रलाही ते कोरंच हवं होतं.

ती काही फार थोर विचार करत होती असं नाही. वीस हजारांत न्हाणीघराला दार आणि वर पत्रा झाला असता, तोही विचार करत होती. नवरा आणि बारा माणसं एका बाजूला, हेही तिला कळत होतं. पण रापणीची एक रीत तिच्या हातात बसलेली होती. मोसमाच्या पहिल्या दिवशी, जाळं पाण्यात जाण्याआधी, वहीच्या पहिल्या पानावर एकोणीस नावं लिहायची. नाव लिहिलं की तो माणूस वर्षभर दोरीवर. जी वस्तू सगळ्यांची, तिच्यावर सगळ्यांची नावं. एकवीस वर्षं ती हे लिहीत आली होती.

तिने तिकीट उलटं केलं आणि बारीक अक्षरात नावं लिहायला घेतली. सगळ्यात आधी सत्यवान, तो जुना म्हणून. भिकूकाकांचंही लिहिलं, कंसात सुशीलाकाकीचं. मागे छापलेली एक ओळ मध्ये येत होती, तिच्यावरून लिहिलं. शेवटी स्वतःचं. एकोणीस नावं जेमतेम मावली.

या नावांवर जितेंद्रला तिकीट विकता येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. बक्षीस मात्र एकोणीस जणांना मिळून मिळेल, असं तिने धरलं होतं. जे सगळ्यांचं ते सगळ्यांच्या नावाने का मिळू नये, हा प्रश्नच तिच्या मनात आला नाही.

जितेंद्र अकराला पाच मिनिटं असतानाच आला. पिशवी त्याने पायाशी ठेवली. तिकीट घेतलं, नंबर पाहिला, उलटं केलं. बराच वेळ तो वाचत राहिला, जणू लग्नाची पत्रिका असावी.

"काकी, ह्या काय केलंस?"

"नावां लिवलंय. ज्यांचा तिकीट, त्यांची."

"सत्यवानकाकाक म्हायत आसा?"

"आता होतला."

त्याने तिकीट तिच्या हातात परत दिलं. रागावला नाही, त्याच्यासाठी हा एक मोडलेला सौदा होता, असे त्याने पुष्कळ पाहिले असतील. पिशवी उचलताना एवढंच म्हणाला, "आता ह्या माझ्या उपेगाचा नाय. पण काकी, ह्या आता तुमच्यापण उपेगाचा नाय. एका कागदाक एकच मालक लागता."

हेच तिला दुपारी दिव्यानेही फोनवर सांगितलं. आधी ती ओरडली. मग म्हणाली, "आत्ये, एकोणीस? एकोणीस नावां लिवलंस?"

"वाटेकरी एकोणीसच आसत गो."

दिव्याच्या साहेबांनी दोन दिवस फोन केले. निघालं ते असं: बक्षीस एकाच माणसाला मिळतं. बाकीच्या अठरा जणांनी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की या रकमेवर आमचा हक्क नाही. नोटरीसमोर, एकही सही कमी न पडता, आणि निकालापासून महिन्याच्या आत. त्यातला आठवडा गेलाच होता. तो एक माणूस असा हवा की ज्याचं पॅन कार्ड आधारला जोडलेलं आहे आणि बँकेतलं खातं चालू आहे. एकोणीस जणांत तसा एकच निघाला. बचत गटासाठी दिव्याने दोन वर्षांपूर्वी हे सगळं बसून करून दिलं होतं, ती जानकी.

म्हणजे जिने सगळ्यांचा सौदा मोडला, तिलाच आता सगळ्यांनी लिहून द्यायचं होतं की सगळं तुझं.

वाडीत काय काय बोललं गेलं ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. जानकीला पाणवठ्यावर जागा मिळायची, पण बोलणं बंद व्हायचं. अजय एकदा तोंडावर म्हणाला, "काकी, बरा जमवलंस गो." दुसऱ्या दिवशी त्याची आई येऊन म्हणाली, "तेच्या तोंडाकडे बघू नको," पण स्वतः बसली नाही. सत्यवानाने बोलणं टाकलं. जेवायला यायचा, जेवायचा, भात हवा असेल तर ताट थोडं पुढे सरकवायचा. एकतीस वर्षांच्या संसारात एवढ्यावर पुष्कळ भागतं, पण ते भागलेलं कळतं.

जानकीने कोणाची समजूत घातली नाही. वही घेऊन घरोघर गेली आणि तारीख सांगून आली.

पंचविसाव्या दिवशी मालवणात, एसटी स्टँडजवळच्या नोटरी वकिलांच्या खोलीत सगळे गेले. टेम्पोने गेले, कारण रिक्षा सहा लागल्या असत्या. खोलीत आठच माणसं मावत होती, बाकीची जिन्यावर. जाहीर ठिकाणी गेल्यामुळे सगळ्यांची भाषा शुद्ध झाली होती. सत्यवान मात्र टेम्पोत नव्हता.

वकिलांनी वाचून दाखवलं: सदर बक्षिसाच्या रकमेवर आमचा कोणत्याही प्रकारचा हक्क अथवा हितसंबंध नाही व भविष्यात राहणार नाही.

"हक्क नाही असं नाही, साहेब," सुशीलाकाकी म्हणाली. "हक्क आहे. तुम्ही फक्त नाही म्हणून लिहा."

"आजी, असं लिहिता येत नाही."

"लिहू नका. पण बोललेलं चालतं ना? मग ऐका. हक्क आहे." आणि तिने अंगठा पुढे केला.

सांतानने आधी क्रूस केला, मग सही. तिसऱ्याने विचारलं की हे मागे घेता येतं का. वकील नाही म्हणाले. त्याने जानकीकडे पाहिलं. जानकी जमिनीवरच्या फरशा बघत होती. त्याने सही केली. अजय म्हणाला, "सगळे बारा सरकारला देण्यापेक्षा सव्वाआठ काकीला बरे," आणि कागद फाटेल अशा जोराने सही ठोकली. असे सतरा झाले.

वकिलांनी घड्याळ बघितलं. "अठरावे कोण? सत्यवान मेतर?"

जिन्यावरची माणसं खाली बघायला लागली. दहा मिनिटं गेली असतील. मग सत्यवान आला. दुपारच्या एसटीने आला होता, हातात छत्री, जशी काही दुसऱ्याच कामासाठी आलेला.

"यांच्याशी नातं?" वकिलांनी विचारलं.

"नवरा."

"मग तुम्ही हक्क सोडून काय होणार? घर एकच ना?"

"मी सोडत नाही, साहेब," सत्यवान म्हणाला. "माझा कधी नव्हताच. कुठे सही करू ते सांगा."

खोलीतली बायामाणसं हसली. जानकी हसली नाही. तो तिच्याशी बोललेला नव्हता, वकिलांशी बोलला होता.

पैसे पुढच्या महिन्यात आले. तीस टक्के कापून आठ लाख चाळीस हजार, त्यातले चौदा-पंधरा हजार दिव्याने अधिभारासाठी बाजूला ठेवायला लावले. कर कापल्याचा कागद आला त्यावर जानकीचं एकटीचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा कर भरला तोही पावणेचार लाख. बँकेतला अधिकारी तिला खुर्ची द्यायला उठला.

कागदावर आता पैसे तिचेच होते. ती सरळ जाळं घेऊ शकली असती, आणि काहींना तेच बरं वाटलं असतं, कारण मग शिव्या द्यायला एक माणूस राहिला असता. तिने परत मांगरात सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं: जाळं की वाटा?

या वेळी हात वर करायला कोणी घाई केली नाही. बारा जणांनी जाळं म्हटलं. सहा जणांनी वाटा. जानकीने वहीत ओळ ओढली आणि त्या सहांपैकी प्रत्येकाला त्रेचाळीस हजारांचा चेक लिहिला, करातला ज्याचा त्याचा हिस्सा कापलेला. चेकवर सही करायची सवय नव्हती, दोन वाया गेले. सहा जणांत अजय होता. त्याने मोटारसायकलीचे पैसे भरले आणि पंधरा दिवसांत जितेंद्रच्या बोटीवर गेला. त्याला कोणी काही बोललं नाही. चोवीस वर्षांचा मुलगा आहे, दोरीच्या वाट्यावर त्याला मुलगी कोण देणार, हे सगळ्यांना समजत होतं.

जितेंद्रलाही अडलं नाही. सावंतवाडीच्या बाजूला कुणाला तरी दहा लाखांचं लागलं होतं म्हणतात. त्याची तिसरी बोट शिमग्याआधी पाण्यात उतरली. पूजेचा नारळ आणि पेढे जानकीच्या घरीही आले. पेढे चांगले होते.

मेतरांचं जाळं त्यानंतर आठवड्याने आलं. टेम्पोतून वाळूवर उतरवलं, उलगडलं, आणि सत्यवान एका टोकापासून मोजत निघाला. दोन्ही हात पसरले की एक वाव. बाकीची माणसं बाजूला उभी राहून बघत होती. जुनं जाळं चारशे वावांचं होतं. नव्याच्या शेवटापर्यंत पोचून तो थांबला आणि परत आला. जानकी वही घेऊन उभी होती.

"दोनशे ऐंशी," तो म्हणाला. दोन महिन्यांत तिला उद्देशून बोललेला पहिला शब्द.

तिने लिहून घेतलं.

"एकशेवीस वाव कमी. मासळी दोन्ही बाजून जातली." तो समुद्राकडे बघत होता. नवी बोट बंदरातून निघून लांबवर जात होती, पताका अजून उतरवलेल्या नव्हत्या. "बोट तेची झालीच. मगे आपलो उपेग काय झालो?"

"तेच्या बोटीत माझो कागद नाय," जानकी म्हणाली.

सत्यवान ऐकून वळला. मांगरात गेला आणि जुन्या जाळ्याची एक बाजू ओढत बाहेर घेऊन आला. एवढ्या माणसांत कोणाला हाक मारली नाही म्हणून बाकीचे नुसते बघत राहिले. त्याने ते वाळूवर पसरलं, गुडघ्यावर बसला, आणि हाताने चाचपत पुढे सरकू लागला. जिथे धागा कुजलेला तिथे थांबायचा, जिथे धड असेल तिथे पुढे जायचा.

"हेच्यात साठेक वाव बरा निघात," तो म्हणाला. "कापून नव्याक जोडूक येता. शोभूचा नाय."

"शोभा कोण बघता?"

"सुई हाड. आणि त्या टोकाकडसून धर. कुजलेला सोड, माका विचारू नको."

जानकीने वही सुशीलाकाकीच्या हातात दिली आणि त्या टोकाला जाऊन बसली. थोड्या वेळाने सांतान आला, मग आणखी दोघे. जेवायच्या वेळेपर्यंत अकरा वाव जाळं तयार झालं होतं.